गाणे कोणाच्या मालकीचे?

आपल्या घरातील वडीलधारी माणसे गाणी म्हणत, तेव्हा हे गाणे कोणी रचले असे आपण कधी विचारले नाही. गाणे कानावर पडले, तोंडी बसले आणि आपले झाले. परंतु पुस्तके, तबकड्या व चित्रपट आले, त्यांबरोबर पैसा आला आणि गाण्यालाही मालक आला. हा मालक नेमका कोण, या प्रश्नावर अमेरिकेत जे घडले ते विचार करण्यासारखे आहे.

‘वुई शॅल ओव्हरकम’ हे गाणे आपल्याला परके नाही. गिरिजाकुमार माथुर यांनी केलेल्या ‘हम होंगे कामयाब’ या हिंदी रूपात ते भारतातील शाळाशाळांतून गाइले जाते. अमेरिकेतील काळ्या लोकांनी समान हक्कांसाठी दिलेल्या लढ्याचे हे गाणे. ते दूरवर पोचविण्यात लोकगायक पीट सीगर (१९१९-२०१४) यांचा मोठा वाटा होता.

मात्र गाण्याचे मूळ काळ्या लोकांच्या प्रार्थनागीतांत आहे. १९४५-४६ साली साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटन गावी सिगारच्या कारखान्यात संप झाला. तेथे ल्युसिल सिमन्स नावाची कामगार स्त्री हे गाणे संथ लयीत म्हणत असे. टेनेसीतील हायलँडर या कामगार शिक्षण केंद्राच्या झिल्फिया हॉर्टन यांनी ते संपकऱ्यांकडून ऐकले आणि पुढे सीगर यांना शिकविले.

१९६० व १९६३ साली या गाण्याचा कॉपीराइट नोंदविला गेला. हॉर्टन, फ्रँक हॅमिल्टन, गाय कॅरावॅन व सीगर ही चार नावे त्यात आली. चौघेही गोरे. सिमन्सबाईंचे नाव त्यात नव्हते.

या चौघांना लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. आपण नोंद केली नाही तर एखादा व्यापारी करील, हे सीगर यांचे भय खोटे नव्हते. मानधनाचा पैसाही त्यांनी घरी नेला नाही. तो हायलँडरकडील निधीत जाई आणि दक्षिणेतील काळ्या लोकांच्या कार्यासाठी खर्च होई.

तरीसुद्धा चोरासाठी लावलेले कुलूप घरच्यांनाच आडवे आले. या गाण्याच्या इतिहासावर माहितीपट काढू पाहणाऱ्यांना ते वापरण्याची परवानगी मिळाली नाही. २०१६ साली प्रकरण न्यायालयात गेले. एकदोन शब्द बदलल्याने जुने गाणे नवे होत नाही, असा पहिल्या कडव्याबद्दलचा निकाल सप्टेंबर २०१७ मध्ये लागला. जानेवारी २०१८ मध्ये तडजोड होऊन प्रकाशकांनी हक्क सोडला आणि गाणे सर्वांसाठी मोकळे झाले. वुडी गथ्री यांनी १९४० साली लिहिलेल्या ‘धिस लँड इज युअर लँड’वरही असाच दावा झाला होता, परंतु २०२० साली न्यायालयाने मालकीचा निर्णय न देताच तो काढून टाकला.

आमच्या मते कॉपीराइट ही वाईट गोष्ट नाही. जो स्वतः गीत रचतो, त्याला त्याच्या श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे. पण गावाच्या विहिरीतून घागरभर पाणी काढणे वेगळे आणि विहिरीलाच कुंपण घालणे वेगळे. सद्हेतूने घातले तरी कुंपण ते कुंपणच. हेतू माणसाबरोबर जातो, कागद मात्र मागे राहतो.

आपल्या झाकरीच्या आणि लग्नाच्या गाण्यांनाही हा धडा लागू आहे. ती जरूर लिहून ठेवा, ध्वनिमुद्रित करा. पण ज्या आजीकडून वा काकांकडून गाणे मिळाले, त्यांचे व त्यांच्या गावाचे नाव पहिल्या ओळीत लिहा. गाणे सर्वांचे राहू द्या. ज्यांनी ते जपले त्यांचे नाव मात्र हरवू देऊ नका.