बुरशीच्या वहीतली कृती

बालमित्रांनो,

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे चार दिवस झडी लागली होती. उघडीप झाली आणि शाळा भरली. मधल्या सुट्टीत पाचवीतल्या एका मुलाने दप्तरातून पुडी काढली. पुडीत शेंगदाणे, म्हणजे आमच्याकडचे फल्लीदाणे. काहींवर हिरवट-पिवळी बुरशी आलेली!

मी म्हटलं, "फेक आधी ते!"

तर पठ्ठ्या म्हणतो कसा, "पण गुरुजी, पेनिसिलीन बुरशीपासून मिळतं, असं तुम्हीच शिकवलं ना? मग हे खाल्लं तर औषधच जाईल की पोटात!"

आता काय उत्तर द्यायचं, सांगा बरं?

त्याचं अर्धं म्हणणं खरं होतं. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना काचेच्या बशीत पेनिसिलियम नावाची बुरशी दिसली. तिच्या आसपासचे रोगजंतू नाहीसे झाले होते. त्यातूनच पुढे पेनिसिलीन आलं. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि दुसऱ्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं.

पण बुरशीला ना हात, ना चूल. मग ती औषध बनवते कशी?

आई अनारशांची कृती वहीत लिहून ठेवते ना? तशीच एक वही बुरशीच्या पेशीत असते असं समजा. त्या वहीच्या एकेका पानाला जनुक म्हणतात. पेनिसिलीनची कृती मुख्यतः तीन पानांवर आहे, आणि गंमत म्हणजे ही तिन्ही पानं एकमेकांना लागून आहेत! एकेक पान वाचून पेशी एकेक कामगार तयार करते. त्याला विकर म्हणतात. पहिला कामगार तीन अमिनो आम्लं जोडून छोटी साखळी करतो. दुसरा ती साखळी वळवून तिच्या कड्या करतो. तिसरा तिचं एक टोक बदलतो. झालं पेनिसिलीन तयार!

कारखान्यांसाठी शास्त्रज्ञांनी जास्तीत जास्त औषध देणाऱ्या बुरशा वर्षानुवर्षे निवडल्या. नंतर त्यांची वही उघडून पाहिली, तर काय! काहींमध्ये हीच पानं पुन्हा पुन्हा नकलून ठेवलेली होती.

मग दाण्यांवरची बुरशी कोणती? अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी अशीच हिरवट-पिवळी दिसते. तिच्या वहीत अफ्लाटॉक्सिन या विषाची कृती असते. चांगली पंचवीसेक पानांची, आणि तीही लागून लागून. हे विष यकृतावर घाव घालतं. भाजून किंवा शिजवूनही ते पुरतं जात नाही. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या काही खेड्यांत कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. मका भिजला, त्यावर बुरशी आली. तोच मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली.

आता आणखी एक नवल ऐका. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातही आपल्या यवतमाळसारखा कापूस पिकतो. तिथल्या सरकीत हे विष सापडायचं. अशी सरकी गाईने खाल्ली, की विषाचा अंश दुधात उतरतो. शोधता शोधता शास्त्रज्ञांना याच जातीची एक बुरशी सापडली, पण ती विष बनवतच नव्हती. कारण काय? कृतीच्या एका महत्त्वाच्या पानावर फक्त एक अक्षर बदललेलं होतं! एक अक्षर चुकलं आणि सगळी कृतीच अडली. मग ही बुरशी गव्हाच्या दाण्यांवर वाढवून मुद्दाम कपाशीच्या शेतात टाकली. तिने विषारी बुरशीची जागा बळकावली.

म्हणजे औषध काय आणि विष काय, दोन्हींच्या कृती बुरशांच्या वहीतच असतात. पण ती वही नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. कारखान्यात पारखलेली बुरशीच वाढवतात, औषध गाळून शुद्ध करतात आणि डॉक्टर ते मोजून देतात. दप्तरातल्या बुरशीला कोण पारखणार?

हे सगळं सांगितलं, तेव्हा त्या मुलाने पुडी मुकाट्याने फेकली. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्यापाशी आला. "गुरुजी, आमच्या सरकीच्या ढेपेचं पोतं ओल्या भिंतीला टेकलेलं होतं. खालची ढेप बुरसली होती. बाबांनी ती गाईला घातली नाही. बाकीचं पोतं आता फळीवर ठेवलंय."

मी त्याची पाठ थोपटली. मुलांनो, तुमच्या घरी फल्ली, मका, ढेप कुठे ठेवतात? आज घरी गेल्यावर जरा हात लावून पाहा. ओल लागली असेल, तर मोठ्यांना लगेच सांगा. सांगाल ना?

तुमचे,
गुरुजी