कासवाचे ताट

दिवाळीत पाहुणे येतात, फराळ करतात आणि आपल्या गावी जातात. गेल्या दिवाळीत आमच्याकडे सौंदडला आलेला एक पाहुणा मात्र काही खाईना आणि जाण्याचे नावही काढीना. हा पाहुणा म्हणजे वीतभर लांबीचे एक कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या काढलेले, दिसायला मोठे देखणे!

त्याला घेऊन आलेले गृहस्थ आमच्या नात्यातले. त्यांची नागपूरहून बदली झाली होती आणि नव्या जागेत कासवाची सोय नव्हती. "राहू द्या तुमच्याकडे. घरात कासव असले की लक्ष्मी टिकते," असे म्हणून त्यांनी खोके ओसरीवर ठेवले. लक्ष्मी टिकते तर हे तिला आमच्या ओसरीवर का सोडून चालले, हा प्रश्न मला त्यांची मोटार हमरस्त्याला लागल्यावर सुचला. माझे बहुतेक प्रश्न असेच उशिरा सुचतात.

"हे खाते काय?" एवढे मात्र सौभाग्यवतींनी विचारून घेतले होते. "सगळे खाते हो! पोळी, भात, दूध, जे असेल ते."

माझा सात वर्षांचा नातू तर हरखून गेला. कासव म्हणजे पाणी, या हिशेबाने आम्ही आजोबा-नातवाने त्याला प्रथम पाण्याच्या टबात सोडले. ते बिचारे बुडू लागले तेव्हा कुठे त्याच्या पायांकडे लक्ष गेले. तळ्यातल्या कासवाच्या बोटांत पडदे असतात. याचे पाय म्हणजे हत्तीच्या पायांची लहान प्रत. हे जमिनीवरचे कासव! मग दूध-पोळी झाली, वरण-भात झाला. 'पालकात लोह असते' हे मी तीस वर्षे शाळेत शिकवत आलो, म्हणून पालकाची जुडी झाली. आठवडाभरात, म्हणजे गावोगावच्या मंडईचे दिवस संपता संपता, कासवाने खाणेच सोडले. पाठीची कड अंगठ्याने दाबली तर किंचित दबायची. नातू म्हणाला, "आजोबा, हे मऊ का झाले?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

कासव पिशवीत घालून आम्ही सडक अर्जुनीला पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, हा आठ दिवसांचा दोष नाही, वर्षानुवर्षांच्या पोळीचा आहे. याला खायला काय द्यावे हे भाजीवाल्याला विचारू नका, गाईला विचारा."

त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. हे कासव मुळात गवत-पाला खाणारे. त्याच्या पोटाला चोथा हवा, आणि कवचाला चुना म्हणजे कॅल्शियम हवे. अन्नात फॉस्फरस असतो त्याच्या निदान दुप्पट कॅल्शियम असावे. पोळी, भात, डाळ यांत नेमके उलटे असते. पालकात कॅल्शियम आहे खरे, पण त्यातले ऑक्झॅलिक आम्ल ते धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. राजगिरा, चाकवत, घोळ यांचीही तीच गत, म्हणून या भाज्या क्वचितच द्याव्यात. कोबी-फुलकोबी रोज दिल्या तर कंठग्रंथीला बाधतात. काकडी म्हणजे नुसते पाणी. गोड फळे पोटात आंबतात. दूध तर त्याच्या सात पिढ्यांत कोणी प्यायलेले नाही! आणि चुना हाडात मुरायला जीवनसत्त्व 'ड' लागते, त्यासाठी अंगावर ऊन हवे. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन चालत नाही. उन्हाला टेकून सावली मात्र हवीच.

"आता दुसरी गोष्ट," ते जरा थांबून म्हणाले. "हे चांदणी कासव आहे. ते घरात ठेवणे गुन्हा आहे." 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून हे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला, आहे. शिक्षा तीन ते सात वर्षांची. माझ्या कपाळाला घाम फुटला. जन्मभर मुलांना नियम शिकवले, आणि पेन्शनीत हे! "मग नवेगावच्या जंगलात सोडून देऊ का?" मी विचारले. "तेही नको. हे आपल्याकडचे नव्हेच. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागातले, नाही तर आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूकडचे. इथे जगेल की नाही देव जाणे, आणि आपला रोग इथल्या कासवांना देईल तो वेगळाच. वनखात्याला कळवा. आजच."

त्याच संध्याकाळी कळवले. सकाळी माणसे येतो म्हणाली. हातात होती एक रात्र.

नातू रडला नाही. म्हणाला, "मग जाण्याआधी याला एकदा नीट जेवू घालू." आम्ही कंदील... छे, मोबाइलचा दिवा घेऊन परसात उतरलो. हरळी खुडली. जास्वंदीची पाने आणि उद्याच्या कळ्या घेतल्या. शेवग्याचा आणि तुतीचा पाला घेतला, भोपळ्याच्या वेलाची चार पाने घेतली. नातवाने कुंपणाच्या कण्हेरीकडे हात नेला, तो मी धरला. कण्हेर जनावराचा जीव घेते. तशीच पिवळी कण्हेर, रुई, धोतरा, एरंड, घाणेरी. अळूचे पान आपण चिंच घालून शिजवतो म्हणून खपते. कच्चे दिले तर त्यातले सुईसारखे स्फटिक तोंड सोलतात. आमच्याकडे कामाला येणारा गडी म्हणाला, "गुरुजी, तरोटा नोका देऊ जी याले." तरोट्याची भाजी आम्ही आवडीने खातो, पण तो सोनामुखीच्या कुळातला, पोट ढाळणारा. गड्याला कुळ माहीत नव्हते, गुण माहीत होता. धानाच्या बांधावरचे गवतही घेतले नाही. तिथे तणनाशक मारलेले असते. विकतच्या हारातल्या फुलांवर काय फवारले असेल कोण जाणे, म्हणून तीही वगळली. सगळे धुऊन, बारीक चिरून ठेवले. सौभाग्यवतींनी अंड्याचे कवच उकळून, वाटून त्यावर भुरभुरले आणि म्हणाल्या, "ताट तर छान दिसते आहे."

सकाळी परसात ऊन आले. कासव कोवळ्या उन्हात बराच वेळ दगडासारखे बसून राहिले. मग मान बाहेर आली. जास्वंदीच्या लाल फुलाकडे ते सावकाश चालत गेले आणि त्याने एक चावा घेतला. मग दुसरा. आमच्यापैकी कोणीही बोलले नाही.

वनरक्षक आले, त्यांनी माझा जबाब लिहून घेतला. ते कासव नागपूरला, सेमिनरी हिल्सवरच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात जाईल असे म्हणाले. निघताना नातवाने त्यांच्या हातात वहीचे एक पान दिले. एका बाजूला 'द्यायचे', दुसऱ्या बाजूला 'द्यायचे नाही', आणि खाली: 'फूल आधी द्या, मग पाने खाईल.' त्यांनी ते पान नीट घडी करून खिशात ठेवले. त्या घडीसाठी मी त्यांचा ऋणी आहे.

वाचकहो, तुमच्याही कुठल्या नातलगाच्या गच्चीवर असे एखादे कासव लक्ष्मीच्या नावाने कैदेत असेल. त्याची पोळी आज बंद करा, आणि पुढच्या दारी नव्हे, वनखात्याच्या दारी त्याला पोचवा. परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांकडे तिथल्या कायद्याने पाळलेले कासव असेल, तर त्यांना एवढे कळवा: गवत आणि पाला रोज, फूल हौसेपुरते, फळ सणापुरते, आणि ओळख न पटलेले पान मुळीच नाही.

यंदा आमच्या परसात जास्वंदीचे आणखी एक रोप आहे. नातवाने लावले आहे. सकाळी पाणी घालताना तो अजून विचारतो, "आजोबा, तिकडे देत असतील ना फूल आधी?" मी म्हणतो, "देत असतील." आणि मनातल्या मनात वहीचे ते पान पुन्हा एकदा घडी घालून जपून ठेवतो.