भुवयांचे निष्क्रिय खाते

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आमची अक्का एरंडेल तेलाची बाटली घेऊन आरशासमोर बसली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय छप्पन्न. "भुवया वाढवतेय," ती म्हणाली. "या वयात?" मी विचारलं. घरात हशा पिकला. दाजींनी तर मला टाळी दिली. आज माझं भांडण आहे ते या 'या वयात'शी! तो शब्द पहिल्यांदा मीच उच्चारला, म्हणून जरा जास्तच.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी भुवई म्हणजे पेन्सिलीची एक रेघ, असा जणू कायदाच होता. लग्न ठरलेल्या मुलीची भुवई जाड दिसली, की आत्या-मावश्याच तिला धरून पार्लरात नेत. तिथली बाई दोऱ्याचं टोक दातांत धरी आणि कामाला लागे. सोलापूर हे सुताचं गाव. चादरी-टॉवेलांच्या सुतावर इथं हजारो घरं जगली आणि त्याच सुतानं गावातल्या निम्म्या भुवया नेल्या! केस पुन्हा पुन्हा उपटला, की काही मुळं कायमची संपावर जातात. आमच्या भाषेत, नुसता विथड्रॉल, भरणा शून्य.

मग फॅशन फिरली. भुवया जाड हव्यात म्हणे! काल उपटण्याचे पैसे घेणारे आज भरण्याचे घेतात, तेही कितीतरी पटीनं. कुणी भुवई गोंदवून देतो, कुणी डोक्यामागचे केस काढून तिथं लावतो. हे केस जागा बदलली तरी स्वभाव सोडत नाहीत. भुवईचा केस महिना-दीड महिना वाढून थांबतो; हे मात्र वाढतच राहतात, कातरावे लागतात. यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण हसायचं तर या दुकानदारीला हसा. त्या बाईनं काय केलंय? ती आपलीच ठेव परत मागतेय.

आमच्या बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही, की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं पडून राहिलेली ठेव 2014च्या योजनेप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरीही खातेदार कागदपत्रं घेऊन उगवला, तर पैसे द्यावेच लागतात. "आजोबा, या वयात पैसे कशाला?" असं विचारायची माझी छाती आहे का?

आणि भुवई म्हणजे नुसता नखरा नव्हे. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून निसर्गानं घातलेला तो बांध आहे. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांच्या भुवया शस्त्रक्रिया करून परत बसवल्या गेल्या, त्या काही त्यांनी सिनेमात जावं म्हणून नव्हे. चारचौघांत मान वर करून हिंडता यावं म्हणून.

अक्काच्या भुवया कानाकडच्या टोकांना विरळ होत चालल्या होत्या. ती दोऱ्याला दोष देई, आम्ही तिला. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो. एप्रिलच्या उकाड्यात अक्का चादर मागायची! "गावच्या मालाची जाहिरात करतेय," हा माझा विनोद. महिनाभर चालला.

शेवटी भुवयांसाठीच ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. तीही आम्हाला चोरून. डॉक्टर भुवया न्याहाळत म्हणाले, "थंडी वाजते का हो? थकवा येतो?" रक्त तपासलं. थायरॉईड मंदावलेलं निघालं. भुवईची बाहेरची बाजू झडणं ही त्याची एक खूण असू शकते म्हणे. म्हणजे ज्या नटण्याला आम्ही हसत होतो, त्यानंच तिला डॉक्टरांच्या दारात नेलं. आमचं ऐकून ती घरी बसली असती, तर चादर पांघरून अजून कुढत असती आणि मी अजून विनोद करत असतो.

गोळी सुरू झाली. सात-आठ महिन्यांनी टोकांकडे लव दिसू लागली. दोऱ्यानं कायमची नेलेली जागा मात्र रिकामीच आहे; तिथं ती पेन्सिल फिरवते. खुशाल फिरवो.

आता जेवताना मी काही विनोद केला, की अक्का भुवई वर करते. पूर्वी केलेली कळायची नाही. आता चांगली दिसते, आणि मी मुकाट्यानं आमटी ओरपतो.