वालाची पारख

डोंबिवली-कल्याणच्या मराठी घरांत बिरडे करायचे म्हणजे दोन दिवसांचा बेत. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग साऱ्यांनी मिळून सोलायचे. हे सोपस्कार आपल्याला पाठ असतात. वाल येतो कुठून, हे मात्र आपण विचारीत नाही.

तो येतो भाताच्या खाचरातून. मुरबाड-शहापूरकडे आणि रायगडात भातकापणी आटोपली, की जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल पेरतात. पाटाचे पाणी लागत नाही. उलट त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. इतके गुणी पीक, पण हरितक्रांतीच्या पंगतीत मानाचे पान मिळाले ते गहू-भाताला. वाल आणि कुळीथ ओसरीवरच राहिले.

१९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण वाल १', 'कोकण वाल २' आणि 'दापोली कुळीथ १' हे वाण दिले, ही मोलाची गोष्ट. कारण अशी निवड चिकाटीची असते. गावोगावचे बियाणे जमवायचे, चांगल्या झाडांचे बी वेगळे राखायचे, प्रचलित वाणाच्या शेजारी पेरून तुलना करायची. तीही निरनिराळ्या जमिनींत, अनेक हंगामांत. एका साली पहिला आलेला वाण पुढल्या साली ओल लवकर आटली की मागे पडतो. एका वर्षाच्या ताळेबंदावर भरवसा ठेवू नये, हे बँकेत हयात घालवलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

पण पारख केवळ क्विंटलांत करावी काय? शेतकऱ्याला ओल संपण्याआधी हाती येणारे पीक हवे. स्वयंपाकघराला नीट मोड येणारा, लवकर शिजणारा आणि आपला किंचित कडवटपणा राखणारा वाल हवा. तो कडूपणाच गेला, तर बिरड्यात उरले काय? म्हणून निवडीच्या वेळी शेतकरी आणि रांधणाऱ्या बायका, दोघांचेही मत घेतले पाहिजे.

२०२३ साली आफ्रिकी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने वालाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. यापुढे निवड झटपट होईलही. मात्र निवडायला मुळात वैविध्य हवे, आणि ते गावातल्या मडक्या-कणग्यांत आहे. खाचरांचे प्लॉट पडत गेले, तर त्यांबरोबर ते बियाणेही जाईल. ते आजच गोळा करून जतन करायला हवे. आपणही वाल घेताना तो कुठल्या गावचा, एवढे तरी विचारावे. आणि गावठी वालाला दोन पैसे जास्त पडले, तर घासाघीस करू नये.