जोखीम नेमकी कोणाची?

साथरोगशास्त्र, म्हणजे आजार कोणाला, कोठे आणि कोणत्या कारणाने होतो याचा लोकसमूहाच्या पातळीवर शोध घेणारे शास्त्र, एचआयव्हीच्या संदर्भात ‘जोखमीचे वर्तन’ ही संज्ञा निरोधाविना शरीरसंबंध किंवा सामायिक सुई यांसारख्या कृतींसाठी वापरते. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केलेले, २०२० चे पद्मश्री मानकरी डॉ. रमण गंगाखेडकर यांनी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या संज्ञेची मर्यादाच उघड केली. कारण पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित आढळल्या आणि त्यांच्यापर्यंत विषाणू पोहोचला तो मुख्यतः पतीच्या वर्तनातून.

अहिल्यानगर जिल्ह्यात ‘स्नेहालय’ ही संस्था १९८९ पासून देहविक्रयात अडकलेल्या स्त्रिया व बाधित मुलांसाठी झटत आली आहे. तिच्या कामाचे मोल मोठेच. मात्र विवाहित स्त्रीची जोखीम याहून वेगळी आहे. याच जिल्ह्याच्या ज्या पाथर्डी-शेवगाव भागातील कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात आणि जेथे मुलींची लग्ने अजूनही लवकर उरकली जातात, तेथील तरुणीला केवळ संयमाचा उपदेश करणे अपुरे ठरते, कारण निरोधाचा निर्णय बहुधा तिच्या हाती नसतो. प्रतिबंधाचे शिक्षण म्हणूनच तरुणांच्या बरोबरीने नवविवाहित पुरुषांपर्यंत, साखर कारखान्याच्या तळावरील ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपर्यंत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांपर्यंत, न्यावे लागेल.