गावच्या गाण्याला गावची वाहिनी

महाशिवरात्रीच्या यात्रेला कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर आसपासच्या गावांच्या देवस्वाऱ्या उतरतात. ढोल वाजतात, समुद्रस्नान होते, भजने रंगतात. देवगड तालुक्यातल्या या गावाला कोकणची काशी म्हणतात आणि यात्रेची गर्दी पाहिली की ते नाव पटते. गाणे मात्र यात्रेपुरते थांबत नाही. शिमग्यात गाबीतवाड्यांतून खेळे निघतात, कुडाळ-नेरूरकडे रोंबाट निघते. श्रावणात देवळांतून भजने, चतुर्थीत घरोघरी आरत्या आणि गौरीच्या फुगड्या. कार्तिक उजाडला की गावोगावच्या जत्रांत दशावताराचा दहीकाला उभा राहतो आणि पहाटेपर्यंत पखवाज बोलत राहतो. बारा महिने गाणाऱ्या या सिंधुदुर्ग जिल्ह्यात लोकसंगीताला वाहिलेली नभोवाणी वाहिनी नाही. ती हवी, आणि ती याच किनारपट्टीवर उभी राहावी.

अशी मागणी केली की पहिली शंका येते: भजन-दशावतारावर वाहिनी चालेल का? या शंकेला उत्तर द्यायला जगाकडे शंभर वर्षांचा अनुभव आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथे एका विमा कंपनीने 1925 मध्ये डब्ल्यूएसएम हे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला तिथे सत्त्याहत्तर वर्षांच्या अंकल जिमी थॉम्पसन यांनी फिडल वाजवले आणि खेड्यातल्या गाण्याबजावण्याचा साप्ताहिक कार्यक्रम रुजला. ‘दक्षिणेचे अथेन्स’ म्हणवून घेणाऱ्या नॅशव्हिलच्या प्रतिष्ठितांना हे गावंढळ वाटले. श्रोत्यांना ते आपले वाटले, आणि विम्याच्या एजंटांना त्या कार्यक्रमामुळे दारे उघडू लागली. हाच कार्यक्रम 1927 पासून ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून ओळखला जातो आणि आजही चालू आहे.

तरीही दिवसभर फक्त कंट्री संगीत लावणारे केंद्र निघायला 1953 उजाडावे लागले. टेक्सासमधल्या लबक गावच्या केडीएव्ही केंद्राने ते धाडस केले. जाहिरातदारांची समजूत होती की हे गाणे ऐकणाऱ्यांच्या खिशात पैसा नसतो. कंट्री म्युझिक असोसिएशन ही संस्था 1958 मध्ये स्थापन झाली आणि तिने हा समज खोडण्याचे काम चिकाटीने केले. पूर्ण वेळ कंट्री वाजवणारी केंद्रे 1961 मध्ये 81 होती, ती 1969 मध्ये 606 झाली. गाणे तेच होते, ऐकणारेही तेच होते. बदलली ती त्यांच्याकडे पाहण्याची नजर.

आपल्याकडची नजर तर याहून कडक होती. दशावतार आणि भजन ज्या पेटीवर उभे आहेत, त्या हार्मोनियमला आकाशवाणीने 1940 मध्ये दार बंद केले आणि ती बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. स्वातंत्र्यानंतर नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी चित्रपटगीतांना आवर घातला. श्रोते गेले रेडिओ सिलोनकडे. तिथे 1952 च्या अखेरीस अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि आकाशवाणीला आपली ‘विविध भारती’ सुरू करायला 3 ऑक्टोबर 1957 उजाडला. लोकांनी काय ऐकावे हे वरून ठरवणारी वाहिनी स्पर्धेत मागे पडते, हे या देशाने तेव्हाच पाहिले आहे.

मालवणी मुलखाची बाजारातली ताकदही पुन्हा सिद्ध करायची गरज नाही. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ 1980 मध्ये रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेल्या या नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाले. मालवणी बोली कोणाला कळणार, असे म्हणणारे तेव्हाही होते. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना चित्रकथीसाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. सप्टेंबर 2025 मध्ये ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट आला, आणि तळकोकणाबाहेरच्या प्रेक्षकांनीही तो गर्दी करून पाहिला. मागणी आहे. अडले आहे ते पुरवठ्याच्या बाजूला.

पुरवठा का अडला, याचे कारण धोरणात सापडते. खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याचे 2011 चे धोरण एक लाखावर वस्तीच्या शहरांसाठी आखलेले आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांत 730 वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, पण सिंधुदुर्गात लाखाचे एकही शहर नाही. सगळ्या जिल्ह्याची लोकसंख्याच 2011 च्या जनगणनेत 8 लाख 49 हजार 651 होती. कोल्हापूर किंवा पणजीत वाहिन्यांची चुरस लागते. इथे ती लागण्याइतकी वस्ती कोणत्याच गावात नाही. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्राने कोकणच्या कलावंतांना वर्षानुवर्षे आवाज दिला, त्याचे ऋण मोठे आहे. पण शेतीपासून बातम्यांपर्यंत सारे सांभाळणाऱ्या सरकारी केंद्राकडून चोवीस तास लोकसंगीताची अपेक्षा धरणे त्या केंद्रावर अन्याय करणारे ठरेल.

उरतो सामुदायिक रेडिओचा मार्ग. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये दिला. त्या निवाड्याच्या बळावर सामुदायिक केंद्रांची मागणी वाढत गेली आणि 2006 पासून नोंदणीकृत सेवाभावी संस्था, कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे यांना स्वतःचे केंद्र काढता येऊ लागले. साधारण शंभर वॉटची शक्ती, तीस मीटरचा मनोरा आणि दहा-बारा किलोमीटरचा टापू, एवढा त्याचा जीव. देशात आज अशी पाचशेच्या आसपास केंद्रे आहेत. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले असावेत, अशी सरकारचीच अट आहे. सिंधुदुर्गात ती अट पाळायला कोणाला घाम गाळावा लागणार नाही.

अशी केंद्रे काय करू शकतात, ते माण तालुक्यात जाऊन पाहावे. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी संस्थेने 2008 मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू केली. शेळ्या राखत ओव्या रचणारी बाई तिथे मायक्रोफोनसमोर बसली आणि परिसराची लाडकी निवेदिका झाली. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या पांबन बेटावर 2016 पासून ‘कडल ओसै’ हे मच्छीमारांचे केंद्र चालते. वारा, लाटा, मासळी आणि कोळ्यांची गाणी हे सारे त्या एका केंद्रावर ऐकू येते. कुणकेश्वर, मिठमुंबरी, तारामुंबरीच्या किनाऱ्याला हा नमुना सर्वात जवळचा. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने देवगड-मालवण झोडपले, तेव्हा वीज गेली आणि मोबाइलचे जाळेही कोलमडले. सेलवर चालणारा छोटा रेडिओ अशा वेळी बोलत राहतो. रोज गाण्यासाठी लावला जाणारा संचच संकटात हाताशी असतो. फक्त इशाऱ्यांसाठी कोणी रेडिओ घेऊन ठेवत नाही.

खरी स्पर्धा शेजारच्या वाहिनीशी नाहीच. ती आहे खिशातल्या फोनशी. भजनाच्या डबलबारीचे रात्रभराचे सामने आणि दशावताराचे अख्खे नाट्यप्रयोग यूट्यूबवर पडलेले असतात. मग वाहिनी कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. यूट्यूबवर ज्याचे नाव ठाऊक आहे तेच सापडते. बांद्याचा नवा पखवाजवादक किंवा आचऱ्याची नवी फुगडीवाली कानावर पडावी, अशी व्यवस्था तिथे नाही. जाहिरातीचे उत्पन्न झालेच तर ते चित्रफीत टाकणाऱ्याच्या खात्यात जमा होते. बुवांच्या आणि नटांच्या हाती त्यातले काही लागेलच याची खात्री नसते. शिवाय फोन कालचे दाखवतो. गावाला विचारायचे असते, ‘आज खंय दहीकालो आसा?’ त्याचे उत्तर रोज संध्याकाळी सहाला, मंडळाच्या आणि नाटकाच्या नावासह देणारी वाहिनी ऐकली जाणारच. सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण सण-जत्रा, हवामान, वाहतूक, वीज-पाणी यांच्या सूचना देण्यास मुभा आहे.

यावरून वाहिनीचा पहिला नियम ठरतो: थेट प्रक्षेपण. दशावतारी नटाच्या हाती लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरते आणि संवाद रंगमंचावर उभे राहतात. डबलबारीत एक बुवा प्रश्न टाकतो, दुसरा आपल्या बारीत त्याचे उत्तर बांधतो, आणि गजराला मांडव उठतो. हा जिवंतपणा बंद खोलीत अर्ध्या तासाच्या ध्वनिमुद्रणात कोंबला तर चव जाते. ‘ऑप्री’ शंभर वर्षे टिकली ती समोर प्रेक्षक बसवून गायल्यामुळे. कुणकेश्वरच्या वाहिनीचा मायक्रोफोन जत्रेच्या मांडवात असला पाहिजे.

दुसरा नियम पैशाचा, आणि त्यावर तडजोड नको. कलावंताला मानधन मिळालेच पाहिजे. लोककला म्हणजे फुकट कला, हा समज समारंभवाल्यांनी रुजवला आहे आणि त्याची झळ पिढ्यान् पिढ्या कलावंतांच्या घरांना बसली आहे. परंपरेच्या पदावर कोणाची मालकी नसली तरी ते गाणाऱ्याच्या सादरीकरणावर त्याचा हक्क असतो. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने तो अधिक भक्कम केला आहे. वाहिनीने प्रत्येक मंडळाशी सोप्या मराठीत लेखी करार करावा आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत मंडळाला द्यावी.

पैसा येणार कुठून? फेब्रुवारी 2024 मध्ये नियम सैल झाले. तासाला सात मिनिटांची जाहिरातमर्यादा बारा मिनिटांवर गेली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना 52 रुपयांवरून 74 रुपये झाला. बाराही मिनिटे सरकारी जाहिरातींनी भरली तर तासाला 5 हजार 328 रुपये होतात. प्रत्यक्षात त्याचा छोटा हिस्साच हाती येतो, म्हणून भिस्त स्थानिक व्यापारावर ठेवावी लागेल. हापूसचे बागायतदार, न्याहारी-निवासाची घरे, होड्यांची इंजिने विकणारे, कणकवलीची दुकाने हे सारे मोठ्या वाहिन्यांच्या दरात बसत नाहीत. त्यांना दहा किलोमीटरचा श्रोताच हवा असतो. आणि मुंबईचा चाकरमानी? नव्या स्मार्टफोनमधून एफएम गायब होत चालले आहे, त्यामुळे इंटरनेटवरही ही वाहिनी ऐकवावीच लागेल. तेव्हा डोंबिवली-विरारचा श्रोता आपोआप जोडला जाईल.

भूगोलाचाही विचार हवा. एफएमची लहर डोंगर ओलांडत नाही. कुणकेश्वर सड्याच्या पायथ्याशी, समुद्राला लागून आहे. मनोरा वर सड्यावर उभारला तर खालच्या वाड्या आणि समोरच्या पाण्यातल्या होड्या दोन्ही टप्प्यात येतील. मात्र सावंतवाडी-दोडामार्ग त्यात येणार नाही. म्हणून मालवण, वेंगुर्ला, कुडाळकडे अशीच लहान केंद्रे उभी राहावीत आणि त्यांनी कार्यक्रमांची देवाणघेवाण करावी. धनगरांची चपई, ठाकरांची कळसूत्री, ख्रिस्ती आणि मुस्लिम वस्त्यांतली गाणी यांनाही वेळापत्रकात ठरलेली जागा हवी, कारण हा किनारा त्यांचाही आहे.

पहिले पाऊल अवघड नाही. तीन वर्षे जुनी कोणतीही पात्र संस्था केंद्र सरकारच्या प्रसारण सेवा पोर्टलवर अर्ज करू शकते, आणि उपकरणांसाठी अनुदानाची योजनाही आहे. किर्लोसचे कृषी विज्ञान केंद्र, मच्छीमार संस्था, एखादे महाविद्यालय यांपैकी कोणीतरी पुढे यावे, आणि मनोऱ्याच्या खर्चाचा भार जिल्हा नियोजन समितीने उचलावा. अर्ज भरण्याआधी दशावतारी मंडळांचे चालक, भजनी बुवा आणि वाड्यावाड्यांतल्या फुगडीच्या बायका यांना एका बैठकीला बोलवावे. मानधनाचा दर आणि पहिल्या हंगामातल्या थेट प्रक्षेपणांची यादी त्यांच्यासमोर ठरावी, आणि संचालक मंडळातल्या निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखाव्यात.