मिटणारी खोट, वाढणारी खोट

घडीच्या चाकूचे गिऱ्हाईक अलीकडे फार चिकित्सक झाले आहे. डबा उघडला की चाकू मिटलेलाच डोळ्यांसमोर धरायचा आणि पाते दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध बसले आहे का ते पाहायचे. मग मुठीच्या सांध्यातून उजेड दिसतो का, पात्याच्या दोन्ही अंगांचे उतार एकाच जागी संपतात का, हे तपासायचे. केसभर फरक दिसला की माल परत. दुकानदार कुरकुरतात, कारखानदार हात जोडतात. गिऱ्हाइकाने पैसे मोजले आहेत, त्याने हवे तेवढे निरखावे. आमचे दुखणे वेगळे आहे. गिऱ्हाईक जे पाहते तेवढेच आपणही तपासू लागलो आहोत, आणि चाकू खरा दगा देतो त्या जागा त्याच्या नजरेच्या टप्प्यात नसतात.

बारीक दोषाला किती महत्त्व द्यायचे हे ठरवताना आम्ही एकच प्रश्न विचारतो. चाकू वापरात राहिला तर ही खोट कमी होणार की वाढणार?

पाते मधोमध नसणे घ्या. स्क्रूच्या चाकूत मुठीचे स्क्रू जरा सैल करून, पाते मिटवून, पुन्हा आळीपाळीने आवळले की बहुधा ते जागेवर येते. नाही आले, तरी पट्टीला घासत नसेल तोवर कापण्याच्या कामात काडीचा फरक पडत नाही. नव्या चाकूची खरखर वॉशर बसले की जाते. धारेवर राहिलेली बर पहिल्याच दगडाला निघते. एका अंगाचा उतार थोडा जास्त निघाला असेल, तर धार लावणारा दोन-चार खेपांत तो सावरून घेतो. या सगळ्यावर हुज्जत घालण्यात आपला निम्मा वेळ जातो.

आता दुसरी जात. बिनलॉकच्या, पाठीमागे स्प्रिंग असलेल्या चाकूत पात्याच्या बुडाशी एक छोटा उंचवटा असतो. त्याला किक म्हणतात. पाते मिटले की हा उंचवटा स्प्रिंगवर टेकतो, आणि पाते मुठीत किती खोल जाईल ते तोच ठरवतो. किक जरा जास्त घासली गेली तर पाते खोल पडते आणि मिटताना धार स्प्रिंगवर आपटते. मग धारेला खड्डा पडतो, दर वेळी त्याच जागी. गिऱ्हाईक चाकू घेऊन येते, धारवाला धार लावून देतो, आठवड्याने तोच खड्डा पुन्हा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! कागदाची अरुंद पट्टी मुठीच्या खाचेत स्प्रिंगवर ठेवा, पाते मिटवा, वरून चिमटीत दाबा आणि पट्टी काढून पाहा. कागदावर काप उमटला असेल तर दोष किकमध्ये आहे. उलट किक उंच राहिली तर पात्याचे टोक मुठीच्या वर डोकावते. खिशात हात घालणाऱ्याला ते अर्धा मिलिमीटरही पुरते. म्हणजे टोक झाकायला किक घासावी, तर धार स्प्रिंगच्या जवळ येणार. ही तडजोड जोडणीच्या आधीच साधावी लागते. रिबिट ठोकल्यावर हातात फार काही उरत नाही. रिबिटच्या चाकूत पाते डुलत असेल तर रिबिटवर हलकी ठोक देऊन ते आवळता येते, पण मूठ हाडाची किंवा शिंगाची असेल तर तडा जाण्याचे भय आहेच.

लॉकच्या चाकूत हीच गोष्ट आणखी नाजूक होते. अमेरिकी कारागीर मायकेल वॉकर याने १९८० च्या दशकात लायनर लॉकला आजचे रूप दिले आणि पुढे जगभर त्याच्या नकला निघाल्या. पाते पूर्ण उघडले की मुठीतली पातळ पट्टी आडवी सरकते आणि पात्याच्या बुडाच्या तिरप्या तोंडामागे जाऊन बसते. हा तिरपेपणा साधारण सात-आठ अंशांचा ठेवतात. तो जास्त झाला तर दाबाबरोबर पट्टी मागे ढकलली जाते आणि पाते बोटांवर मिटू शकते. कमी झाला तर पट्टी रुतून बसते, मग चाकू बंद करायला अंगठा सोलून निघतो. नव्या चाकूत पट्टी बुडावर कुठवर आली आहे ते पाहा. कोपऱ्यावर नुसती टेकली असेल तर चाकू विकू नये. पार पलीकडच्या पट्टीला भिडली असेल तर झिजेला जागाच शिल्लक नाही. आज घट्ट वाटणारा तो चाकू काही दिवसांनी खडखडू लागणार. पाते बाहेरून आरशासारखे चकाकत असेल, मधोमध बसत असेल, तरी हा माल परतच गेला पाहिजे. आणि नेमका हाच परत जात नाही, कारण दुकानात तो उत्तम दिसतो.

धार टिकत नाही ही तक्रार मात्र जरा चकवणारी असते. तिच्यामागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. कारखान्यात शेवटची धार कोरड्या पट्ट्यावर घाईने काढली की कडेचे पातळ पोलाद तापते आणि त्याचे पाणी उतरते. त्यावर चढलेला पिवळट-निळा रंग पॉलिशमध्ये निघून जातो, म्हणून पुरावा राहत नाही. अशा चाकूला तीन-चार वेळा नीट धार लावली की आतले चांगले पोलाद वर येते आणि तोच चाकू टिकाऊ ठरतो. पण मुळात अख्खे पाते मऊ राहिले असेल तर कितीही घासले तरी फळ नाही. व्हिक्टोरिनॉक्सच्या खिशातल्या चाकूंचे पाते ५६ रॉकवेलच्या आसपास असते. तो आकडा फार मोठा नाही, पण पात्यागणिक बदलत नाही आणि गिऱ्हाइकाला घरच्या दगडावर धार लावता येते, यात त्या चाकूची पुण्याई आहे. आपल्या छोट्या कारखानदारांनी साठीच्या आकड्यांच्या जाहिराती करण्यापेक्षा प्रत्येक घाणीतल्या दोन-तीन पात्यांचे बूड जोडणीआधी तपासावे. रॉकवेल यंत्राचा ठसा मुठीत झाकला जातो, माल वाया जात नाही.

आपल्याकडे बारीक खोट खरी नडते ती कलमाच्या चाकूत. कोकणात आंब्याचे कोय कलम बांधणारा असो, की नाशिक-सांगलीकडे डॉगरिजच्या खुंटावर द्राक्षाची काडी चढवणारा, त्याला चाकूकडून सपाट काप हवा असतो. पाचरीसारखी तासलेली काडी खुंटातल्या चिरेत फट न राहता बसली आणि सालीखालचे हिरवे थर जुळले, तर कलम जगते. म्हणून या चाकूला उतार एकाच अंगाला असतो, दुसरे अंग सपाट. डावखुऱ्यासाठी उलट. पॉलिशच्या चाकावर धरताना हे सपाट अंग धारेपाशी किंचित गोलावले, की पाते लाकडात सरळ चालत नाही आणि काप खोलगट येतो. डोळ्याला काही दिसत नाही, चकाकीमुळे चाकू उलट देखणाच वाटतो. पोलादी फूटपट्टीची कड सपाट अंगावर आडवी टेकवा आणि उजेडाकडे धरा. धारेजवळ प्रकाशाची रेघ दिसली तर तो चाकू कलमाच्या कामाचा नाही. हे अंग निसण्यावर सपाट टेकवून घासत राहिले तर दोष जातो खरा, पण भर हंगामात कलम बांधणाऱ्याने ते का करावे? डोळा भरण्याच्या चाकूला साल उचलण्याची जी बोथट जीभ असते तिच्यावरची बरही अशीच. भाजी चिरणाऱ्याला तिचे काही नाही, पण इथे ती साल फाडते आणि डोळा वाया जातो.

सगळेच दोष या दोन खणांत बसत नाहीत. फ्रान्सच्या सावोय भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल याने काढलेल्या चाकूची मूठ लाकडाची. पाते जागेवर धरून ठेवणारे फिरते कडे त्यावर १९५५ मध्ये आले. पावसाळी हवेत लाकूड फुगते आणि पाते मुठीत अडकते. सावोयचे लोक मुठीचे बूड टेबलावर ठोकतात, पात्याचे टोक बाहेर येते, ते चिमटीत धरून उघडतात. कुणी चाकू परत करत नाही. कोकणातल्या जुलैत हा चाकू विकणाऱ्याने ही युक्ती आधीच सांगावी, नाहीतर तक्रार ठरलेली.

महागड्या चाकूंचा न्याय थोडा वेगळा, हे मान्य करायला हवे. पंधरा-वीस हजार मोजणाऱ्याने कापण्याबरोबर देखणेपणाचेही पैसे दिलेले असतात. त्याच्या चाकूत पाते कडेला झुकले असेल तर ते बदलून द्यावे, वाद घालू नये. पण दोन-तीनशे रुपयांच्या चाकूला तीच मोजपट्टी लावली की कारखानदार पॉलिशवर खर्च करतो आणि पाणी देण्यावर काटकसर करतो. त्यात नुकसान गिऱ्हाइकाचेच.

तेव्हा आमची विनंती आहे ती तपासणीच्या कागदाबद्दल. बहुतेक ठिकाणी त्यावर चकाकी, ओरखडे आणि मधोमध बसणे वरच्या ओळींत असते, लॉक कुठेतरी खाली, किकला तर ओळच नसते. हा क्रम फिरवा. लॉक, किक आणि टोक आधी पाहा, मग बुडाचा कठीणपणा, आणि उरलेल्या वेळात चकाकी. दुकानदारांनी माल उतरवून घेताना निदान कागदाच्या पट्टीची चाचणी करावी आणि काप उमटलेला चाकू त्याच दिवशी परत पाठवावा. ज्यांनी स्वतःच्या अनुभवातून असा कागद तयार केला आहे त्यांनी तो आमच्याकडे पाठवावा. पुढच्या अंकांत आम्ही तो जसाच्या तसा छापू.